थेंबभर लाळेतले नातेवाईक

कागदाची एक पट्टी जिभेवर ठेवायची. वर्गातल्या काही मुलांचे तोंड कडूजहर होते, काहींना नुसता कागद चघळल्यासारखे वाटते. पीटीसी या रसायनाची ही गंमत १९३१ साली ड्यूपाँ कंपनीतल्या आर्थर फॉक्सच्या ध्यानी आली. त्याच्या हातून पूड उडाली. सहकारी कडू लागते म्हणून कुरकुरला, फॉक्सला मात्र काहीच लागले नाही. आज अमेरिकेतल्या कित्येक हायस्कुलांत मुले हीच गोष्ट स्वतःच्या डीएनएत शोधतात. मिठाच्या पाण्याने चूळ भरून गालाच्या पेशी गोळा करतात, टीएएस२आर३८ या जनुकाचा २२१ जोड्यांचा तुकडा पीसीआरने वाढवतात आणि विकराने कापून पाहतात. चव कळणारी प्रत १७७ आणि ४४ अशी तुटते, न कळणारी अखंड राहते. मग जेलवर रेघा उमटतात.

मी इंदूरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. आमची मुले पालकाच्या पानांतून डीएनए काढतात. काचकांडीवर पांढरे धागे गुंडाळले गेले की वर्ग टाळ्या पिटतो. तेव्हा तिकडच्या मुलांचा हेवा वाटतोच.

पण जेलवरची ती रेघ कोणाची? मुलीने होकार दिला, पालकांनी सही केली, कागदोपत्री सगळे ठीक. तरी त्या लाळेत अर्धी आई आहे, अर्धे वडील आहेत, भाऊ आहे, न भेटलेली आजी आहे. त्यांना कोणी विचारलेले नाही. पुस्तकी तक्ता सांगतो की दोन्ही पालकांना कडू लागत नसेल तर मुलाला लागणार नाही. चव एवढ्या सरळ हिशोबाने चालत नाही, पण रात्री जेवताना पट्ट्या वाटणाऱ्या मुलाला तक्ताच आठवणार.

हे परदेशाचे दुखणे नव्हे. आमच्याही प्रात्यक्षिकांत कुटुंबाची वंशावळ काढायची असते: जीभ वळवता येते का, रक्तगट कोणता. एका पोराने आईवडील दोघे ओ आणि स्वतः ए असे लिहून आणले तर? तक्ता म्हणेल, अशक्य. पण १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी दाखवलेला बॉम्बे रक्तगट म्हणेल, शक्य आहे. तपासणीत ओ दिसणारा माणूस ए गटाचे जनुक लपवून असू शकतो. दर वेळी असा दुर्मीळ गट वाचवायला येणार नाही, हेही खरेच. काही घरांत तक्त्याचे म्हणणेच बरोबर असते, आणि ते त्या घराने अजून मुलाला सांगितलेले नसते.

२०१० साली बर्कलीच्या विद्यापीठाने नव्या विद्यार्थ्यांना हवे असल्यास गालाचा नमुना पाठवा म्हटले. दूध, दारू आणि फोलेट पचवण्याशी निगडित तीनच जनुके तपासायची होती. राज्याच्या आरोग्य खात्याने अडवले: परवानाधारक प्रयोगशाळा नाही, म्हणून वैयक्तिक निकाल द्यायचे नाहीत. शेवटी सगळ्यांची एकत्रित आकडेवारीच सांगितली गेली. खात्याचे चुकले असे नाही, पण परवान्याने माझा प्रश्न सुटत नाही. परवाना असलेली प्रयोगशाळाही आईचे गुपित तितक्याच अचूकपणे फोडेल.

मग मुलांना माशांचे, झाडांचे डीएनए द्या, असे सुचवले जाते. द्यावेच. पण स्वतःची रेघ पाहताना सोळा वर्षांच्या पोराला जे उमगते, ते पालकाच्या पानातून उमगत नाही, आणि ते मी भीतीपोटी काढून घेणार नाही. मी वंशावळीचा गृहपाठ बंद करीन. नळ्यांवर नाव नको, क्रमांक पुरे. ज्याला नको त्याने अनोळखी नमुना घ्यावा (तो कोणाचा, हाही प्रश्नच; त्याची संमती आधी घेतलेली हवी). मात्र तो घेताना कोणी पाहू नये. नाहीतर दत्तक आलेली मुलगी त्या टेबलापाशी एकटीच उभी राहील, आणि जेल चालवण्याआधीच वर्गाला उत्तर मिळेल. तेव्हा सगळ्या नळ्या एकाच ट्रेमध्ये, कारण कोणालाही विचारायचे नाही, आणि तास संपला की उरलेली लाळ ब्लीचमध्ये.