डबा कुणाबरोबर खातीस?

गेल्या साली नातीच्या कॉलेजात पालक मेळाव्याला गेलो होतो. कॉलेज छोटं, पोरं असतील दोन-अडीचशे. प्राचार्य भाषणात म्हणाले, "आपल्याकडं मराठा, धनगर, मातंग, बौद्ध, मुसलमान, कैकाडी, सगळ्या समाजाची मुलं शिकतात." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

मग जेवणाची सुट्टी झाली. पोरं लिंबाखाली डबे सोडून बसली. बघतो तर एका आळीची एकीकडं, वस्तीवरची दुसरीकडं. गावात जशा आळ्या, तशाच लिंबाखाली. हजेरीपटावर सगळे एकत्र, भाकरीला मात्र नाहीत.

मला कर्मवीर अण्णा आठवले. त्यांच्या आधी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींना वेगवेगळी बोर्डिंगं काढून दिली होती. त्या काळी तेही फार मोठं काम. नाहीतर खेड्यातल्या पोरानं शहरात टेकायचं कुठं? भाऊराव अण्णांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं आणि साऱ्या जातींची पोरं एका छपराखाली ठेवली. पोरांनीच रांधायचं, पोरांनीच वाढायचं, एका पंगतीत जेवायचं. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, मंगळसूत्रसुद्धा. नुसतं शिकवायचंच होतं तर वेगळ्या पंगती मांडूनही शिकवता आलं असतं. लोकांचा रागही वाचला असता. पण शेजारी बसलेल्याचं नुसतं आडनाव कळतं. त्याच्याबरोबर भाकरी मोडली की त्याच्या घरी काय आहे, काय नाही, ते कळतं.

हे मी लिहितोय, पण माझं काय? दहावीला माझा एक दोस्त होता, वस्तीवरचा. त्याच्यामुळं माझी भूमिती सुटली. एकदा तो अभ्यासाला घरी आला. आईनं मला पेल्यातून पाणी दिलं, त्याला वरनं ओंजळीत ओतलं. मी गप्प बसलो. तो पाणी प्याला, तोंड पुसलं, म्हणाला, "जातो." शाळेत बोलायचा, पण परत घराची पायरी चढला नाही. आईला काय दोष द्यायचा? ती शाळेत गेली नव्हती. मी रोज प्रतिज्ञा म्हणत होतो.

आम्ही बाजरीत तूर, मटकी पेरतो. एकाच ओलीवर सगळी वाढतात, त्याला मिश्र पीक म्हणायचं. मधे बांध घालून दोन पिकं घेतली तर त्याला कुणी मिश्र पीक म्हणत नाही.

संध्याकाळी नातीला विचारलं, "तू डबा कुणाबरोबर खातीस?"

तिनं तीन नावं सांगितली. तिन्ही आमच्याच आळीची.

"बाकीच्या पोरी येत न्हाईत व्हय?"

"आम्ही बोलवत नाही आजोबा, आणि त्या येत नाहीत."

"त्यातलं आधी कोणतं?"

ती गप्प झाली. मलाही पुढं बोलवेना. माझ्या मनात मात्र उत्तर होतं. त्या दिवशी तांब्या आमच्या हातात होता, त्याच्या नाही. मग आधी आम्हीच हलायला पाहिजे होतं.

सकाळी सुनेला म्हणालो, "डब्यात दोन भाकरी जास्त घाल."

"कुणासाठी?"

म्हणालो, "ते तिला बघू दे."