चिन्हाची मिरास

न्यूयॉर्कमध्ये १९९४ साली स्केटबोर्डवर फिरणाऱ्या पोरांसाठी उघडलेले 'सुप्रीम' हे दुकान २०२० मध्ये दोनशे कोटी डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले, तेव्हा फरसबंदीवर गुडघे फोडून घेत ज्यांनी त्या नाममुद्रेला अर्थ दिला, त्यांच्या वाट्यास केवळ स्मरण उरले. आळंदीला लागून असलेल्या चऱ्होलीत चिन्हावर हक्क कोणाचा, हाच प्रश्न मला अधिक निकडीने भेडसावतो. तुळशीची माळ म्हणजे मद्यमांसत्याग, एकादशी आणि पंढरीची वारी यांचा आमरण करार. आणि आज तीच माळ, गोपीचंदनाचा टिळा व विठ्ठलनाम छापलेला सदरा आषाढात छायाचित्रापुरता मिरवला जातो. जुन्या वारकऱ्याची हळहळ हा अहंकार की विवेक?

अंशतः अहंकारच, कारण शिंद्यांच्या पदरी सरदार असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात वारीच्या पालखीस दिंड्यांची शिस्त लावली खरी, पण त्या वाटेची सनद कोणा एकाच्या नावे करून दिली नाही. तथापि व्रतावाचून चिन्ह धारण करणे म्हणजे सारा न भरता वतन उपभोगणे होय, आणि ही अप्रामाणिकता मला मनापासून सलते. सदरा खुशाल विकत घ्यावा. माळ मात्र जाणत्या वारकऱ्याच्या हातूनच घालून घ्यावी, एवढी नवागतांस विनंती आहे.