आकाशातून अग्नी मागताना



आजच्या शुभवर्तमानात (लूक ९:५१-६२) शोमरोनातील एक गाव प्रभू येशूचा स्वीकार करीत नाही. कारण धर्माचेच होते. प्रभू यरुशलेमकडे निघाला होता आणि शोमरोनी लोकांचे उपासनास्थान वेगळे होते. याकोब व योहान संतापले. आकाशातून अग्नी पाडून हे गाव भस्म करू का, असे त्यांनी विचारले. प्रभूने गावाला नव्हे, शिष्यांनाच धमकावले.

अपमान प्रभूचा झाला होता. राग मात्र शिष्यांना आला. आपलेही असेच होते. घरातला कोणी दुसऱ्या मंडळीत जाऊ लागतो. पवित्र मरियेच्या प्रतिमेवरून जेवताना वाद निघतो. एक जण 'मूर्तिपूजक' म्हणतो, दुसरा 'पाखंडी'. मग लग्नाची पत्रिका जात नाही, मातीलाही कोणी येत नाही. देवाचा मान राखायला निघालेलो आपण भाऊ गमावून बसतो.

आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्यात आणले. रमाबाई प्रार्थना करताना दार उघडे ठेवीत. काही मुली आपणहून येऊन बसत. १८९३ साली यावरून पुण्यात वादळ उठले. 'केसरी'ने कडक टीका केली. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेले. सदनात धर्मप्रचार होणार नाही हा शब्द पाळला जातो का, हा विरोधकांचा प्रश्न रास्त होता. आपली श्रद्धा लपवणे रमाबाईंनाही शक्य नव्हते. पण वादाची किंमत मोजली ती शिक्षण सुटलेल्या मुलींनी.

त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी विवाह केला. ते हिंदूच राहिले आणि १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. त्याच सुमारास दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून सांभाळल्या. दोघांची श्रद्धा वेगळी राहिली. पण निराधार स्त्रियांना दोन दारे उघडी झाली.

याचा अर्थ सर्व मते सारखीच, असा नव्हे. सत्य एकच आहे, म्हणून तर आपण त्याविषयी बोलतो. परंतु धाकाने होकार मिळतो, श्रद्धा मिळत नाही. श्रद्धेची सक्ती कोणावरही होऊ नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट शिकवले. आपल्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यावे, पण सौम्यतेने व आदराने, असे संत पेत्र सांगतो (१ पेत्र ३:१५).

या आठवड्यात वाद निघाला तर आपण स्वतःला एकच प्रश्न विचारू या : उद्या हा माणूस आजारी पडला, तर आपण त्याच्या घरी जाऊ का? उत्तर 'नाही' असेल, तर आपण प्रभूसाठी बोलत नाही, जिंकण्यासाठी बोलत आहोत. तेव्हा गप्प बसावे आणि त्या माणसासाठी प्रार्थना करावी. ज्या घरी आपले जाणे-येणे तुटले आहे, तिथे पुढच्या रविवारच्या आत एकदा जाऊन यावे.

प्रभू आपणा सर्वांना सौम्य अंतःकरण देवो.

आपले धर्मगुरू