शुक्रवारी पश्चिमेला

शुक्रवारी आणि रविवारी पश्चिमेला दिशाशूल असतो; त्या दिवशी तिकडे निघू नये, असं आमच्या आजीचं पंचांग सांगतं. माझं दिल्ली-फ्रँकफुर्ट विमान शनिवारी पहाटे तीनला आहे. तिकिटावर छापलेला शनिवार दाखवून मी विषय मिटवायला गेले, तर आजी म्हणाली, "वार सूर्योदयाला बदलतो, रात्री बाराला नाही. तीन वाजता शुक्रवारच." शास्त्राप्रमाणे तिचं बरोबर आहे. मग बाबांनी त्यांचा मुद्दा काढला. इंदिरा गांधी विमानतळाच्या चारही धावपट्ट्या जवळजवळ पूर्व-पश्चिम आहेत आणि विमान उडतं ते वाऱ्याच्या तोंडावर. वारा पूर्वेचा असला तर माझं विमान आधी पूर्वेला उडेल, मग वळेल. "मग पोरगी निघाली कुठल्या दिशेला म्हणायची?" आजीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गंमत वाटते, पण पोटात गोळा आहेच. दिल्लीच्या द्वारकेत वाढले, लहानपणापासून घराच्या गच्चीवरून विमानं बघितली, पण आत कधी पाऊल टाकलं नाही. आमचं पुण्याला जाणं म्हणजे गोवा एक्स्प्रेस, नाहीतर झेलम. आता ग्योटिंगेनला रसायनशास्त्र शिकायला जायचं, आणि डोक्यात काय, तर विमानातल्या स्वच्छतागृहाची कडी आतून उघडलीच नाही तर? भाजणी आणि गोडा मसाला धरून बॅग तेवीस किलोच्या वर गेली तर? उतरल्यावर पुढची रेल्वे सापडली नाही तर? या किरकोळ भीत्यांच्या तळाशी एकच मोठी भीती आहे, आणि ती विमान पडण्याची नव्हे. इथे मी कुणाची तरी नात, कुणाची तरी मुलगी, सेक्टर आठमधल्या दुकानदाराला नावाने माहीत असलेली. तिथे पहिले काही दिवस मला ओळखणारं एकही माणूस नसेल. मग मी ती मीच, हे ठरवणार कोण?

एक मावशी म्हणते, देवावर भरवसा असेल तर भीती वाटत नाही. म्हणजे मला भीती वाटते, तर माझा भरवसा कमी? हा हिशोब मला पटत नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत पहिलं नाव अभयाचं आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यात विनोबा सांगतात की गुणांच्या या सैन्यात अभय आघाडीला आहे आणि नम्रता पिछाडीला. पण ही यादी ऐकतोय कोण? पहिल्या अध्यायात ज्याचं अंग कापत होतं, हातातून गांडीव गळत होतं, तोच अर्जुन. समोर साक्षात कृष्ण असून त्याला भीती वाटलीच की. अभय ही मिळवायची गोष्ट आहे. भक्तीची पावती म्हणून ते आपोआप घरी येत नाही.

धर्मशास्त्रातली समुद्र ओलांडण्याची बंदीही मी भीतीच्या याच अंगाने वाचते. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास एके ठिकाणी उत्तरेकडच्या लोकांच्या खास चालीरीतींत मोजला आहे आणि दुसरीकडे तोच पतन घडवणाऱ्या कृत्यांत. (आम्ही दिल्लीकर पहिल्या यादीवर हक्क सांगू शकतो.) पुढे कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात वर्ज्य मानलेल्या गोष्टींत, तर असं आलं की समुद्रावरून परतलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतलं तरी त्याच्याशी व्यवहार ठेवू नये. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हे सगळं मांडून ठेवलंय. आणि माझ्या बाबतीत समुद्र खरोखरच वाटेत आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून आपल्या कंपन्यांची युरोपची विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालतात.

बंदीची कारणं म्हणून नित्यकर्म बुडणं, परक्यांचा संसर्ग ही सांगितली जातात. मला तिच्यामागे माझीच भीती दिसते. माणूस कोण, हे त्याच्या पंगतीवरून ठरत होतं. जहाजावर पंगत नाही, म्हणजे माणूस हरवला. आणि परत आल्यावर शिक्षा काय, तर पुन्हा पंगतीबाहेर! एकटेपणाची भीती शास्त्रकारांनी अचूक हेरली, आणि तिचाच चाबूक केला.

आनंदीबाई जोशींनी हा चाबूक हातात धरला. १८८३ मध्ये सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी अमेरिकेला का जायचं यावर भाषण केलं. लोक जे प्रश्न विचारत होते तेच एकेक करून घेतले. एकटी का? परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत का? 'एकटी का' याचं उत्तर त्यांनी साधं दिलं: दोघांच्या खर्चाला पैसे नाहीत आणि पती गोपाळरावांवर घरच्यांचा भार आहे. शौर्याचा आव नाही. वाळीत टाकण्याबद्दल म्हणाल्या की तिथेही मी इथल्यासारखीच राहणार आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कलकत्त्याहून जहाज सुटलं तेव्हा त्यांना नुकतं अठरावं वर्ष पूर्ण झालं होतं. मी कोण हे पंगत नव्हे, माझं वागणं ठरवेल, असा त्यांच्या उत्तराचा अर्थ. मोठं पाऊल होतं ते. पण फिलाडेल्फियाच्या थंडीत सगळं आपलं आपणच सांभाळायचं, हे ओझंही त्यांनीच वाहिलं. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, आजारी परतल्या, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. सगळा भार एकटीने पेलणं हाच धर्म, असं मला म्हणवत नाही.

तोडगा आजीनेच काढला: प्रस्थान ठेवायचं. मुहूर्त आणि निघण्याची वेळ जुळत नसेल तर चांगल्या वेळी आपलं गाठोडं जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं. निघालो असं मानायचं, आणि खरं निघताना ते उचलून पुढे जायचं. गुरुवारी दक्षिणेला शूल, पश्चिम मोकळी. म्हणून गुरुवारी संध्याकाळी तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि माझी ओढणी बांधून मी पश्चिमेच्या इमारतीतल्या पंजाबी आंटींकडे गेले. त्यांनी फार चौकशी केली नाही. वर्षानुवर्षं पायी भटकलेल्या गुरू नानकांच्या तसबिरीपाशी गाठोडं ठेवलं आणि शुक्रवारी रात्री नेताना चहा पिऊनच जायचं, असं बजावलं.

दिशाशूल मी आजही मानत नाही. पण एकटीच्या प्रवासाचं पहिलं पाऊल परक्या घरात टाकायला लावणारी ही रीत मला सगळ्या कलिवर्ज्यांपेक्षा शहाणी वाटते. भीती गेली का? नाही. आता ती आंटींनाही माहीत आहे, एवढंच. तुमच्या शेजारचं कुणी पोर एकटं परदेशी निघालं असेल तर त्याला 'घाबरू नकोस' म्हणू नका. त्याचं गाठोडं घरात ठेवून घ्या. देवापाशीच हवं असं नाही, फ्रिजवर ठेवलं तरी चालेल.