कंबर बोलते तेव्हा

दिघोरीहून चुलबंद नदी गाठली आहे. कार्तिक लागलाय, पूर ओसरलाय, पण कयाक तरंगेल इतकं पाणी नदीत अजून आहे. दिवस बसून काढायचा आहे. वल्हं लगेच मारू नका. मांडीवर आडवं ठेवा. श्वास सावकाश सोडा.

आता लक्ष बैठकीवर आणा. खाली दोन हाडं टेकलेली जाणवतात. भार दोन्हींवर सारखा आहे का? पाय सरळ ताणले, की मांडीमागचे स्नायू ओढले जातात, ते कटीला मागे खेचतात आणि कंबर गोल होते. पुष्कळदा दुखणं वल्ह्यापेक्षा या बसण्यातूनच सुरू होतं. गुडघे थोडे वर घ्या. पावलं टेकूवर दाबा. दुपट्ट्याची गुंडाळी कंबरेच्या खोलगट भागात सरकवा. थांबा. काय बदललं?

धानाच्या रोवणीत बांधीत वाकलेल्या बाया कंबरेवर हात ठेवून मधेच सरळ होतात. त्यांना कामचुकार कोणी म्हणत नाही. तेवढीच मुभा स्वतःला द्या.

आता वल्हं उचला. ओढ खांद्यातून नको, बेंबीपासून वळा. मूठ पहा. बोटांची पेरं पांढरी पडली असतील, तर पकड ढिली करा. ढकलणाऱ्या हाताची बोटं उघडली तरी चालतं. मनगट सरळ राहू द्या. तहान लागायच्या आधीच घोटभर पाणी प्या.

तासाभरात पायाच्या बोटांना मुंग्या येऊ शकतात. इथे मात्र थांबाच. दुखणं निदान ओरडतं तरी. बधिरपणा गुपचूप वाढतो, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते. बहुधा बैठकीखाली नस दबली आहे. सोसणं ही बहादुरी नाही. डोंग्यातला मासेमार ढिवर बघा, कधी उकिडवा, कधी उभा, एका बैठकीत तो फार वेळ राहत नाही. तुम्हाला कयाकमध्ये उभं राहता येत नाही, पण चुलबंदच्या पात्रात रेती आहे. नाव तिथे लावा. झटकन उठू नका, बधिर पाय दगा देतो. दोन्ही पाय बाहेर काढून रेतीवर टेका, पावलांखाली रेतीचा गारवा नीट कळेपर्यंत बसून राहा. मग उठा, चाला. नाव उथळ पाण्यातून ओढायची वेळ आली, तर बरंच झालं, पायांना तेवढीच मोकळीक.

चालूनही बधिरपणा गेला नाही, पाऊल उचलताना घसटू लागलं, तर आजचा प्रवास तिथेच संपला. डॉक्टरांना दाखवा.

पुढे चुलबंद वैनगंगेला मिळते. तिथे पात्र रुंद, काठ लांब. गोसीखुर्द धरणाची दारं उघडली, की पाणी चढतं. धरणातून पाणी सोडणार आहेत का, ते निघण्याआधीच विचारायचं असतं. पुढे जायचं का, हे कंबरेला मात्र संगमाच्या अलीकडच्या रेतीवर विचारा. उभे राहा, हात वर ताणा, दोन्ही बाजूंना वळून पहा. ती नाही म्हणाली, तर गाडी तिथेच बोलवा.