जळगावातला हीटर

पुतण्यानं परवा मोटार घ्यायचं ठरवलं आणि सल्ल्यासाठी मला बरोबर नेलं. सल्ला म्हणजे काय, तर त्यानं आधीच जे ठरवलंय त्याला वडीलधाऱ्यानं मान डोलवायची. या कामापुरती माझी मान अजून शाबूत आहे.

दुकानातला पोरगा (आता त्याला दुकान म्हणायचं नाही, शोरूम म्हणायचं) एकेका मॉडेलचे गुण सांगत होता. शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणाला, "टॉप मॉडेलला सनरूफ येतं, सर." सनरूफ म्हणजे काय, ते मी विचारून घेतलं. मोटारीच्या छताला खिडकी असते. बटण दाबलं की ती उघडते आणि ऊन आत येतं.

"बाबा रे," मी म्हटलं, "हे जळगाव आहे. मे महिन्यात इथं पारा ४५ ला टेकतो. ऊन बाहेर राहावं म्हणून इथं लोक घरं बांधतात. ते आत यावं म्हणून पैसे कोण देतं?"

"सगळे तेच मागतात, सर."

यावर मी गप्प बसलो. त्याचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे, आमच्याच घराण्याचं बिंग फुटेल म्हणून. कारण साठपासष्ट वर्षांपूर्वी याच जळगावात आमच्या घरी मोटार होती आणि तिला हीटर होता.

ही मोटार म्हणजे १९५३ सालची शेव्हरोले. आमचे आप्पा कापसाचे आडते. १९५७ साली ते कामाला म्हणून मुंबईला गेले आणि येताना मोटार घेऊन आले. आईनं डझनभर कपबश्या आणायला सांगितल्या होत्या, त्या मात्र राहिल्या. तोवर नवी शेव्हरोले आपल्याकडे मिळणं अवघड झालं होतं. जनरल मोटर्सवाले १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत असत. पण गाडी नुसती जोडू नका, इथंच बनवा, असं सरकारनं धरलं आणि १९५४ त त्यांनी गाशा गुंडाळला. आमची गाडी शिवडीचीही नव्हती. मुंबईत नोकरीला आलेल्या कुणा अमेरिकन साहेबानं ती आपल्या देशाहून बरोबर आणली होती आणि जाताना दलालाच्या गळ्यात टाकली होती. दलालानं ती आप्पांच्या गळ्यात टाकली. सव्वासोळा फूट लांबीची वस्तू गळ्यात पडली की माणूस वाकतो, पण आप्पा ताठ मानेनं आले.

साहेब हौशी असावा. अमेरिकेत मोटार घेताना नुसती मोटार घेत नसत. ताटात पोळीभाजी वाढून झाली की लोणचं, पापड, कोशिंबीर निराळी विचारतात, तसं तिथं विचारत. रेडिओ हवा का, धुक्याचा दिवा हवा का, हीटर हवा का. हा साहेब एकालाही नको म्हणाला नव्हता. कागदी रुमाल ठेवायचा पत्र्याचा डबा होता, त्यात आई सुपारी ठेवी. काचेवर बाहेरून टोपीच्या झापेसारखी पत्र्याची झाप होती. त्या झापेमुळे चौकातला सिग्नलचा दिवा दिसत नाही, म्हणून तो दिसावा यासाठी आत एक काचेचा लोलक बसवलेला होता. एक जादा वस्तू घेतली की तिला पुढं मुलंबाळं होतात, ती अशी. तेव्हाच्या जळगावात सिग्नल म्हटला की आम्हांला रेल्वेचाच ठाऊक. त्या लोलकातून आम्हां पोरांना आभाळात उलटसुलट गेलेल्या विजेच्या तारा तेवढ्या दिसत.

आणि हीटर. डाव्या हाताच्या ड्रायव्हरशेजारी, म्हणजे उजव्या बाजूला बसणाऱ्याच्या पायाशी, एक काळा डबा होता. गाव लोटलं तो बघायला. एका शेतकऱ्यानं अदबीनं विचारलं, "आप्पा, हाई काय शे?" आप्पांनी सांगितलं, यातून गरम वारा येतो. तो म्हातारा थोडा वेळ विचार करून म्हणाला, "तो ते बाहेर फुकट शे ना."

आमच्या घरात एक तत्त्वज्ञही होते. नानाकाका. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारीपासून अठरा रविवार. साने गुरुजींनी ती उतरून घेतली आणि त्याचं पुस्तक झालं. नानाकाका तेव्हा त्याच तुरुंगात होते. अठरापैकी सतरा प्रवचनं त्यांनी समोर बसून ऐकली. एका रविवारी त्यांचं पोट बिघडलं होतं. तेवढा एक अध्याय त्यांच्या वागण्यात कच्चा राहिला असं आई म्हणे. कोणता, ते मात्र सांगत नसे.

नानाकाकांनी मोटारीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "लागतं त्याहून जास्त ठेवणं ही चोरी आहे. फोर्डनं गांधीजींना पत्र लिहिलं तेव्हा गांधीजींनी त्याला काय पाठवलं, ठाऊक आहे? चरखा. १९४१ साली." हे खरं आहे. चरखा एकाच मॉडेलमध्ये येतो आणि त्याला हीटर नसतो, एवढं आप्पांनाही कबूल होतं.

"मग मोटार विकून टाकू?" आप्पांनी विचारलं.

"टाक."

"आणि उद्या तुम्हांला अमळनेरला सोडायचंय ते?"

नानाकाका क्षणभर थांबले. "मोटार राहू दे. हीटर काढ."

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, पण त्या दिवशी मला जे कळलं त्यात पुढं फारशी भर पडली नाही. गरज आणि चैन यांच्यामधली रेघ प्रत्येक जण आपल्या बैठकीच्या वीतभर पलीकडे ओढतो. आपण बसलो तिथवर गरज. शेजारी बसला ती चैन. स्वतः हेन्री फोर्डला वाटे की माणसाला काय लागतं ते आपल्याला पक्कं समजलंय. १९१४ ते १९२५ त्यानं आपली मॉडेल टी गाडी फक्त काळ्या रंगात विकली. जनरल मोटर्सवाल्यांनी रंग दिले, दर वर्षी नवा तोंडवळा दिला आणि पुढं गेले. गरज एकदा भागली की भागते, हौस मात्र दर वर्षी नव्यानं जागवता येते, हे त्यांनी ओळखलं. १९५६ त क्रायस्लरवाल्यांनी तर मोटारीत तबकडीचा ग्रामोफोन बसवून दिला. तो आमच्या पारोळ्याच्या रस्त्यावर लावला असता तर पहिल्याच खड्ड्याला भूपाळीतली सुई भैरवीत गेली असती.

हीटर काही निघाला नाही. मिस्तरी म्हणाला, काढायचा तर नळ्या बुजवाव्या लागतील, मजुरी पडेल. "फुकट आलेली वस्तू पैसे देऊन काढू?" असं म्हणून आप्पांनी तो तात्त्विक वाद व्यापारी पद्धतीनं मिटवला.

पण खरी अडचण वेगळीच निघाली. स्टिअरिंग डावीकडे आणि आपला देश डाव्या बाजूनं चालणारा. पुढच्या बैलगाडीला ओलांडायचं तर समोरून ट्रक येतोय की नाही हे आप्पांना दिसेना. ते उजवीकडे बसलेल्याला दिसे. म्हणजे या गाडीला चालवणारा एक आणि बघणारा एक, असे दोघे लागत. आई बसली तर गाडी लागून डोळे मिटून घेई. नानाकाकांना बसवून पाहिलं. "ट्रक आहे का?" असं विचारलं की ते म्हणत, "आहे म्हटलं तर आहे." एरंडोलच्या अलीकडे आम्ही एकदा शेतात उतरलो, तेव्हापासून त्यांना मागं बसवू लागले.

मग ती जागा आत्याला मिळाली.

आत्या आप्पांहून मोठी. बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि ती पारोळ्याकडच्या खेड्यातून भावाकडे परत आली. घरात तिला कुणी वाईट बोललं, असं मला आठवत नाही. फक्त माणसं मोजायची वेळ आली की आप्पा म्हणत, "सात जण, आणि आक्का." आठ जण असं कधी म्हणत नसत. मोटार आली तेव्हाही तसंच ठरलं होतं : "जागा राहिली तर आक्का." आणि आता जागा राहो न राहो, तिच्याशिवाय गाडी गावाबाहेर जाईना. आप्पांनी नुसतं "आक्का?" म्हणायचं. तिनं पदर सावरून पुढं बघायचं आणि सांगायचं, "थांब रे भो, ट्रक शे." नाहीतर, "काही नही शे. काढ." तिचा अंदाज कधी चुकला नाही.

१९६१ च्या चैत्रात आम्ही सप्तशृंगीला निघालो. खानदेशातून चैत्री यात्रेला लोक पायी जातात, आम्ही मोटारीतून, म्हणजे देवीसमोर आधीच थोडे अपराधी. धुळ्याला पांझरेकाठी थांबलो, भाकरी खाल्ली, छागल भरून बंपरला टांगली आणि भर दुपारी लळिंगच्या घाटाला लागलो. अर्ध्या चढावर पाणी उकळलं. बॉनेटमधून वाफ निघायला लागली. नानाकाका म्हणाले, "मी सांगत होतो." ते हे सगळ्याच प्रसंगी म्हणत.

मागून आलेला एक ट्रकवाला उतरला. त्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि विचारलं, "हीटर चालू का नाही करत?"

आम्हांला वाटलं, उन्हानं बिचाऱ्याचं डोकं फिरलं. पण तो शुद्धीवर होता. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच की, तो म्हणाला. इंजिनाचं उकळतं पाणी नळीतून त्या डब्यात येतं, पंखा त्यावर वारा मारतो, पाणी गार होऊन परत जातं. त्या गरम वाऱ्यानं माणसं शेकली काय, थंडीवाचून वाचली काय, इंजिनाला त्याचं काय? त्याचा ताप तेवढा उतरतो.

गाडी निवल्यावर छागलीतलं पाणी घातलं आणि आप्पांनी हीटर चालू केला. चैत्रातली दुपार, लळिंगचा घाट, आत आठ माणसं आणि हीटर. भट्टीत चणे कसे भाजतात ते मला त्या दिवशी चण्याच्या बाजूनं समजलं. पण काटा खाली आला आणि गाडी घाट चढली. पुढं दर उन्हाळ्यात प्रत्येक चढावर हाच उपाय. थंडीत तो हीटर कधी लावल्याचं मला आठवत नाही.

तो डबा आत्याच्या पायाशी होता, हे मघाशी सांगितलंच. आम्ही मागं वारं घ्यायला खिडकीबाहेर डोकी काढत होतो. ती रस्त्यावरची नजर काढू शकत नव्हती. तिनं ओलं फडकं पायांवर टाकलं होतं, ते भराभर वाळत होतं. मी विचारलं, "आत्या, पाय भाजत नाहीत?"

"भाजतस ना भो," ती म्हणाली, "पन गाडी चाली ऱ्हायनी ना."

घरातही ती नेमकी याच जागेवर बसलेली होती, हे कळायला मला फार वर्षं लागली. आई चिडली की आत्यावर चिडे, आप्पांचं पेढीवर बिनसलं की जेवताना आत्याच्या भाजीत मीठ कमी पडे. तिच्याशी बोलून सगळे गार होत आणि आपापल्या कामाला परत जात.

१९७२ साली आत्या गेली. दुसऱ्या वर्षी तेलाचा जगभर भडका उडाला, पेट्रोल महागलं आणि १९७४ त आप्पांनी मोटार भंगारात काढली. कारण म्हणून ते पेट्रोलच सांगत. पण आत्या गेल्यावर ती गाडी जळगावच्या बाहेर एकदाही गेली नव्हती.

आप्पांच्या माघारी त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. त्यांत घरखर्चाचं एक खातं होतं 'वरकड'. तिथं १९५८ सालात एकाखाली एक लिहिलंय : हीटरची रबरी नळी, चार रुपये. आक्काचं औषध, तीन रुपये. हीटर आणि बहीण, एका खात्यावर. वाचून मला आप्पांचा राग आला. मग १९६१ ची वही उघडली. त्यात वरकड खात्यावर आक्का नाहीच. शोधत गेलो तर सापडली 'मोटार' या खात्यावर : पेट्रोल, टायर, आक्काचा चष्मा अकरा रुपये. पुढं अकरा वर्षं तिची औषधं, चपला, लुगडी सगळं मोटार खात्यावर.

हा मान होता की अपमान, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माणूस गरजेचं ठरायला उपयोगी पडावं लागतं, हे काही चांगलं नव्हे. ती उजव्या बाजूला बसली नसती तर शेवटपर्यंत वरकडच राहिली असती का? पण आप्पा आडते होते. त्यांना एवढंच खातं बदलता आलं. मी तर तिच्या पायांबद्दल एक प्रश्न विचारला आणि पुन्हा खिडकीबाहेर डोकं काढलं. माझ्या वहीत तिच्या नावानं तेवढंसुद्धा नाही.

"काका, घेऊ ना टॉप मॉडेल?" पुतण्या विचारत होता.

"घे," मी म्हटलं. "सनरूफ असू दे. चढावर कशाचा काय उपयोग होईल सांगता येत नाही. पण ड्रायव्हरच्या शेजारी कोण बसणार आणि त्याची काय सोय, ते आधी विचार."

"त्या सीटला एअरबॅग आहे, सर," शोरूमचा पोरगा लगबगीनं म्हणाला. "धक्का बसला तर तो सगळा आधी तीच घेते. आणि ती आता सगळ्या मॉडेलांत असतेच. तिचे जादा पैसे पडत नाहीत."

"आमच्याकडेही पडत नव्हते," मी म्हटलं.