फाल्गुनरावाला अजून हसावं का?

बबीना म्हणजे झाशीपासून 25 किलोमीटरवरची लष्करी छावणी. इथे क्वार्टरच्या व्हरांड्यात आम्ही पाचसहा मराठी घरांनी ‘संगीत संशयकल्लोळ’ मोठ्यानं वाचायला घेतलं. झाशीचे नाटकवेडे राजे गंगाधरराव नेवाळकर यांचं गाव जवळ असल्यानं हुरूपही होता. पण फाल्गुनराव बायकोवर गुरगुरू लागला आणि एक वहिनी म्हणाल्या, “यात हसायचं काय? हे सरावाला गेले आणि माझा फोन बिझी लागला, की पहिला प्रश्न ‘कुणाशी बोलत होतीस?’ हाच असतो.”

व्हरांडा गप्प झाला. ‘यात हसायचं काय?’ हा प्रश्न मला टाळता येईना.

गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक गंधर्व मंडळीनं 1916 साली रंगभूमीवर आणलं. कथानक आर्थर मर्फीच्या 1761 मधल्या इंग्रजी नाटकावरून घेतलेलं, आणि मर्फीच्याही मागे 1660 चा मोलिएर. म्हणजे संशयी नवऱ्याला लोक साडेतीनशे वर्षं हसत आले आहेत. ते त्याच्या बायकोला हसत नाहीत, हे महत्त्वाचं. घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, ती फाल्गुनराव पाहतो. दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेलं असतं आणि दोघांचंही चुकलेलं असतं. मुकाट्यानं सोसणारी कृत्तिका असती, तर हे नाटक आज मला वाचवलं नसतं. ती नवऱ्याइतक्याच तावातावानं भांडते, म्हणून हसू येतं.

एका ठिकाणी मात्र माझं हसू अडतं. रेवती नायकिणीची मुलगी, म्हणून तिच्या निष्ठेवर कुणीही सहज शंका घ्यावी, हे आता घशाखाली उतरत नाही. देवलांनी तिलाच प्रेमात सच्ची दाखवलं, हा त्यांचा मोठेपणा; पण तिच्या जन्मावरचे टोमणे आता शिळे झाले आहेत, आणि ते तसेच ऐकू यावेत.

नाटक बसवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तसबिरीच्या जागी मोबाईल आणू नका. आजचा प्रेक्षक तो मनानं आणतोच. आणि फाल्गुनरावाला गोड म्हातारा करू नका. त्याच्या आवाजाची क्षणभर भीती वाटली पाहिजे, तरच त्याची फजिती सुखावते.

पुढच्या रविवारी वाचनाला बसलो, तेव्हा त्याच वहिनींनी कृत्तिकेची भूमिका मागून घेतली.